भिरभिरं फुंकता फुंकता थांबलं तर…

ईईजीच्या, म्हणजे मेंदूचा विद्युत आलेख काढण्याच्या, खोलीत सहा-सात वर्षांची मुलगी बसली आहे. डोक्याला पेस्टने चिकटवलेले वीसेक इलेक्ट्रोड, हातात कागदी भिरभिरं. तीन मिनिटं ते फुंकत राहायचं. मध्येच भिरभिरं थांबतं. नजर एका जागी खिळते, पापण्या फडफडतात. त्याच क्षणी पडद्यावरच्या सगळ्या रेघा एकदम उसळतात आणि सेकंदाला तीन या लयीत टोकदार लाटा उमटू लागतात. दहाएक सेकंदांनी ती पुन्हा फुंकायला लागते. मध्ये काही झालं, याचा तिला पत्ताही नसतो.

ही अ‍ॅबसेन्स एपिलेप्सी, अपस्माराचा एक प्रकार. शाळेत अशा मुलांवर ‘लक्ष नसतं’ हा शिक्का बसतो आणि त्यांना विनाकारण बोलणी खावी लागतात. भिरभिरं फुंकताना जोरजोरात श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि दडलेला झटका डॉक्टरांसमोरच येतो. माणसाच्या मेंदूचा पहिला विद्युत आलेख हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये जर्मनीत येना इथे काढला. अ‍ॅबसेन्स झटक्याची आलेखावरची ही खूण बॉस्टनमध्ये गिब्ज, डेव्हिस आणि लेनॉक्स यांनी १९३५ मध्ये मांडली.

‘करंट देणार का हो?’ असं पालक घाबरून विचारतात. अजिबात नाही. यंत्र फक्त टिपून घेतं, तेही व्होल्टच्या काही लाखांश भागाइतके क्षीण संकेत. म्हणून तर केस धुऊन, तेल न लावता यायला सांगतात. आदल्या रात्री मुलाला उशिरापर्यंत जागवायचं, कारण झोप अपुरी असताना आणि डुलकी लागताना दोष दिसण्याची शक्यता वाढते.

रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला की गोळ्या बंद करणारी घरं आहेत, आणि हे फार धोक्याचं आहे. नोंद असते जेमतेम अर्ध्या तासाची. अपस्मार असलेल्या जवळपास निम्म्या रुग्णांचा पहिला ईईजी नॉर्मल येऊ शकतो. उलट कधीच झटका न आलेल्या काही मुलांच्या आलेखातही टोकदार लाटा दिसतात. नुसत्या त्या कागदावर औषध सुरू करू नये. सहा महिने ते पाच वर्षं या वयातल्या तापातल्या साध्या आकडीला तर ईईजी लागतच नाही. मेंदूत टेपवर्मच्या अळीची गाठ असेल, आणि आपल्या देशात ती अनेकदा सापडते, तर ती ईईजीत नव्हे, मेंदूच्या स्कॅनमध्येच कळते.

निदानाचा पाया म्हणजे झटका पाहिलेल्या माणसाने सांगितलेली हकिगत. पुढच्या वेळी झटका आला, तर मुलाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. आणि ती हकिगत नेमकी सांगता यावी म्हणून जवळच्या कुणाला तरी मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा. त्यात चेहरा आणि चारही हातपाय दिसू द्या. घड्याळाकडे लक्ष ठेवा. झटका पाच मिनिटांत थांबला नाही, तर व्हिडिओ राहू द्या आणि थेट रुग्णालय गाठा.