तूप, मडकं आणि चुना

मागच्या व्याख्यानानंतर एका शिक्षिकेने मला गाठलं. म्हणाल्या, "सर, तापवल्यावर होणारे बदल आम्ही मुलांना दोन रकान्यांत लिहायला लावतो, परिवर्तनीय आणि अपरिवर्तनीय. यात तुमच्या तत्त्वज्ञानाला काय काम?" काम आहे, आणि ते फार जुनं आहे.

आधी तूप घेऊ. थिजलेलं तूप तापवलं की वितळतं, निवलं की पुन्हा थिजतं. कण तेच, फक्त त्यांची पकड सैल झाली होती. पण तेच तूप गॅसवर विसरलं, धूर निघाला, करपलं, तर कितीही थंड करा, पहिलं तूप मिळत नाही. म्हणजे रकाना नुसत्या पदार्थावरून ठरत नाही.

आता मडकं. उन्हात वाळलेलं कच्चं मडकं पाण्यात ठेवा, त्याचा चिखल होतो. उन्हाने फक्त मोकळं पाणी उडालेलं असतं. आव्यात मात्र साधारण ५०० ते ६०० अंश सेल्सिअसला मातीच्या स्फटिकांत बांधलेलं पाणीही निघून जातं आणि ती रचनाच मोडते. म्हणून इनामगावला सापडलेली खापरं सुमारे तीन हजार वर्षं जमिनीत राहूनही खापरंच राहिली.

याच मडक्यावरून आपल्याकडे वाद झाला. वैशेषिक म्हणाले, आगीत घट परमाणूंपर्यंत सुटतो, परमाणूंचा रंग पालटतो आणि नवा घट तयार होतो. हा पीलुपाकवाद, पीलु म्हणजे परमाणू. नैयायिक म्हणाले, अहो, मग त्याच्यावर रचलेली मडकी खाली कशी कोसळत नाहीत? घट तोच राहतो, सबंध भाजला जातो. हा पिठरपाकवाद. आज पाहिलं तर आकार टिकतो हे नैयायिकांचं खरं, आणि बदल सूक्ष्म पातळीवर होतो ही वैशेषिकांची दिशाही बरोबर.

शेवटी चुना. चुनखडी ९०० अंशांच्या आसपास भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो. १०० ग्रॅम शुद्ध चुनखडीतून ४४ ग्रॅम वायू जातो, ५६ ग्रॅम कळीचा चुना उरतो. तो नुसता थंड करून चुनखडी मिळत नाही. मुलं लिहिणार, अपरिवर्तनीय. पण तोच चुना पाण्यात विरवून भिंतीला लावा. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेतो आणि पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो. द्रव्य परत आलं! डोंगरातला तो दगड मात्र परत आला नाही.

तेव्हा बाई, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. थंड केल्यावर परत येतं का, हा एक. आणि कुठल्याच वाटेनं येत नाही का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर आपण दुसऱ्याखाली लिहितो, तिथं घोळ होतो. माझी सूचना एवढीच, की मुलांना तिसरा रकाना द्या : 'काय निघून गेलं?' तो भरता आला, की पहिले दोन त्यांचे तेच भरतील.