भुरीचे औषध डाऊनीवर कोण मारतो?

विंचूरकडचे एक द्राक्षबागायतदार बाह्यरुग्ण विभागात आले. कमरेला आणि जांघेत गजकर्ण, चार महिने झालेले. पिशवीतून त्यांनी एक मलमाची ट्यूब आणि अँटिबायोटिकच्या कॅप्सूलची रिकामी पट्टी काढली. दोन्ही मेडिकलमधून, चिठ्ठीशिवाय आणलेले. "डॉक्टरसाहेब, सगळं केलं, पण उतार नाही."

मी विचारले, "दादा, बागेत भुरी आली तर काय मारता?"

"हेक्साकोनॅझोल."

"आणि डाऊनी आली तर तेच मारता?"

ते हसले. "ते कसं चालेल? डाऊनीचं वेगळं असतं."

बागेत जे त्यांना पक्के ठाऊक होते, तेच अंगाच्या बाबतीत निसटले होते. औषध कोणाला मारते हे पेशीच्या रचनेवर ठरते.

शाळेत आपण सर्वांनी कांद्याचा पापुद्रा आयोडीन टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेला असतो. विटांच्या भिंतीसारख्या लांबट पेशी आणि प्रत्येकीत एक ठिपका. तो ठिपका म्हणजे केंद्रक. पेशीची गुणसूत्रे त्यात असतात. भोवती पेशीद्रव्य, त्यात ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका, सगळ्याला वेढणारे पातळ पेशीपटल आणि त्याच्याही बाहेर सेल्युलोजची टणक पेशीभित्तिका. (हरितलवके मात्र त्या पापुद्र्यात दिसत नाहीत. कांदा जमिनीखाली वाढतो, त्याला त्यांचा उपयोग काय?) आपल्या पेशीत यातले बरेचसे आहे, पण भित्तिका नाही. नुसते पटल.

जिवाणूची पेशी या दोघींहून निराळी. लांबी साधारण एक-दोन मायक्रॉन, म्हणजे कांद्याच्या एका पेशीच्या लांबीत शंभराहून अधिक जिवाणू ओळीने मावतील. तिला केंद्रक नाही, तंतुकणिका नाहीत. गुणसूत्र पेशीद्रव्यातच असते. म्हणून तिला आदिकेंद्रकी म्हणतात आणि आपल्या, कांद्याच्या पेशींना दृश्यकेंद्रकी. जिवाणूला भित्तिका असते, पण ती वेगळ्याच पदार्थाची. पेनिसिलीन आणि अमॉक्सिसिलीन नेमकी ती भित्तिका बांधू देत नाहीत. आपल्या पेशीला भित्तिकाच नसल्याने ती औषधे रुग्णाला फारशी न दुखावता जिवाणू मारतात.

गजकर्ण जिवाणूने होत नाही, बुरशीने होते. बुरशीची पेशी दृश्यकेंद्रकी, म्हणजे आपल्याच घराण्यातली. विंचूरच्या वाइन पार्कमध्ये द्राक्षरसाची वाइन करणारे यीस्ट हीसुद्धा बुरशीच. तिची भित्तिका कायटिनची; अमॉक्सिसिलीन तिचे काहीही बिघडवत नाही. शत्रू आपल्याशी इतका मिळताजुळता असल्यामुळे बुरशीवरची औषधे मोजकीच आहेत, आणि त्यातली काही यकृताला जड जातात.

फरक सापडला तो पटलात. आपल्या पेशीपटलात कोलेस्टेरॉल असते, बुरशीच्या पटलात अर्गोस्टेरॉल. ते तयार होऊ न देणाऱ्या औषधांचा गट म्हणजे अझोल. आम्ही देतो ते इट्राकोनॅझोल आणि बागेत भुरीवर मारतात ते हेक्साकोनॅझोल, दोन्ही याच गटातली. हे सांगितल्यावर दादा खुर्चीत पुढे सरकले. (बागेतले औषध अंगाला लावायचे नाही, हे लगेच बजावावे लागले.)

मग डाऊनीवर अझोल का चालत नाही? कारण डाऊनी दिसते बुरशीसारखी, पण खरी बुरशी नाही. तिचे नाते शेवाळांशी जवळचे आहे, भित्तिका मुख्यतः सेल्युलोज आणि तत्सम पदार्थांची आहे, आणि ती स्वतः अर्गोस्टेरॉल बनवतच नाही. जो कारखाना नाही तो बंद कसा पाडणार?

विषाणूची गोष्ट याहून पुढची. त्याला पेशीच नाही; भित्तिका, रायबोझोम काही नाही. साध्या सर्दीत अँटिबायोटिक मागणारे रोज येतात, तेव्हा त्या गोळीला सर्दीत मारण्यासारखे काहीच सापडत नसते. सापडतात ते आपल्या आतड्यातले निरुपद्रवी जिवाणू. त्यातले जे वाचतात, ते त्या औषधाला दाद न देणारे.

दादांच्या ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचली. त्यात स्टेरॉइड होते. स्टेरॉइडने खाज आणि लाली दोन दिवसांत बसते, म्हणून लोकांना ते मलम गुणकारी वाटते. प्रत्यक्षात बसतो तो शरीराचा प्रतिकार, आणि बुरशी निवांत पसरते. कडा पुसट होतात, त्यामुळे निदानही चुकते. आमच्याकडे येणारे चिवट गजकर्णाचे बहुतेक रुग्ण अशी एखादी ट्यूब वापरून आलेले असतात. चिठ्ठीशिवाय ती मिळते, याचा मला अजूनही राग येतो.

ट्यूब बंद केली. यकृताची तपासणी करून, दुसरी कोणती औषधे चालू आहेत ते विचारून गोळ्या सुरू केल्या. डाग गेला तरी मी सांगेपर्यंत थांबायचे नाही, असे ठरले. टॉवेल वेगळा, कपडे उन्हात. निघताना ते म्हणाले, "घरात अजून दोघांना आहे, त्यांनाही हीच गोळी देऊ का?"

"नाही. त्यांना घेऊन या."

पुढच्या सोमवारी तिघेही आले.