पुरुषांच्या जननेंद्रिय परिसरातील वारंवार उद्भवणारा त्वचादाह : सोलापूरच्या संदर्भात एक विवेचन

सारांश : जांघ, अंडकोश व शिश्नमुंड या भागांतील खाज आणि दाह ही पुरुषांमधील सर्वसामान्य तक्रार आहे. परंतु संकोचामुळे ती योग्य उपचारापर्यंत उशिरा पोहोचते. हा त्रास पुन्हा पुन्हा का उद्भवतो, त्यामागील शारीरिक, सामाजिक व औषधविषयक कारणे कोणती आणि त्वचेची निगा कशी राखावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजशब्द : गजकर्ण, बुरशीसंसर्ग, स्टिरॉइडयुक्त मलम, मधुमेह, वैयक्तिक स्वच्छता.

प्रस्तावना

सोलापूर हे चादरी व टॉवेल यांसाठी देशभर ओळखले जाणारे शहर आहे. येथील उन्हाळ्यात तापमान चाळीस अंशांच्या वर जाते. हवा कोरडी असल्याने बुरशीजन्य विकार येथे कमी असावेत, असे प्रथमदर्शनी वाटते. तथापि, त्वचेच्या घडीमध्ये शहराचे हवामान नसते. तेथे घाम, ऊब व घर्षण यांचे स्वतंत्र हवामान तयार होते. त्यातच सुती धागा तुटू नये म्हणून विणकामाच्या जागी हवेत ओलावा राखावा लागतो. अशा जागी दीर्घ पाळी उभ्याने करणारा यंत्रमाग कामगार, दिवसभर आसनावर बसणारा रिक्षाचालक आणि तालमीत घट्ट लंगोट बांधणारा मल्ल यांची स्थिती या दृष्टीने सारखीच असते. शहरास काही दिवसांआड पाणी मिळण्याचा अनुभव दीर्घकाळचा आहे. त्यामुळे रोज अंघोळ आणि रोज धुतलेले अंतर्वस्त्र ही साधी अपेक्षाही अनेक कुटुंबांना सहज पूर्ण करता येत नाही.

विकाराचे प्रमुख प्रकार

या भागातील प्रत्येक खाज एकाच कारणाने होत नाही. सर्वांत परिचित प्रकार म्हणजे गजकर्ण अथवा नायटा. यात जांघेत कडा उठलेला, वर्तुळाकार व खाजरा चट्टा पसरत जातो आणि अंडकोशाची त्वचा बहुधा सुटलेली असते. कँडिडा या बुरशीमुळे होणाऱ्या दाहात मात्र अंडकोश व शिश्नमुंड लाल होतात, अग्रत्वचेखाली पांढरा थर साचतो आणि जळजळ होते. साबण, जंतुनाशक द्रव किंवा कपड्यात राहिलेली धुण्याची पावडर यांमुळे संपर्कजन्य इसब होते. रात्री वाढणारी खाज व घरातील इतरांनाही होणारा तसाच त्रास खरजेकडे निर्देश करतो. यांपैकी बहुतेक विकारांचा दुर्वर्तनाशी संबंध नसतो. तरीही रुग्ण स्वतःला दोषी मानतो व पत्नीपासूनही तक्रार लपवतो. या लपवाछपवीतून निर्माण होणारा संशय काही वेळा मूळ आजारापेक्षा अधिक हानी करतो.

पुनरुद्भवाचे कारण : मलमाचा फसवा आराम

संकोचामुळे रुग्ण दवाखान्याऐवजी औषध दुकानात जातो आणि हलक्या आवाजात ‘खाजेचे मलम’ मागतो. अशा वेळी अनेकदा बुरशीनाशक, प्रतिजैविक व तीव्र स्टिरॉइड यांचे मिश्रण हाती पडते. स्टिरॉइड दाह दडपते. त्यामुळे दोन दिवसांत खाज थांबते आणि औषध लागू पडल्याचा समज होतो. वस्तुतः त्वचेची प्रतिकारशक्ती मंदावल्याने बुरशी निर्वेधपणे पसरत असते. मलम बंद करताच खाज दुपटीने परतते आणि रुग्ण पुन्हा तीच नळी विकत घेतो. वर्तुळाची ओळखीची कडाही पुसली जात असल्याने पुढे निदान कठीण होते.

या भागाची त्वचा औषध फार वेगाने शोषते. हायड्रोकॉर्टिसोनचे शोषण हाताच्या पुढील भागाच्या तुलनेत अंडकोशाच्या त्वचेतून सुमारे ४२ पट होते, असे १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले होते. म्हणूनच येथे तीव्र स्टिरॉइड दीर्घकाळ लावल्यास त्वचा पातळ होते, सतत लाल राहते आणि जांघेत कायमचे ओरखड्यांसारखे पट्टे उमटतात. केंद्र शासनाने २०१८ मध्ये अनेक स्टिरॉइडयुक्त मलमांचा समावेश अनुसूची ‘एच’ मध्ये करून ती चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ औषधमिश्रणांवर बंदी घालण्यात आली व त्यात त्वचेवर लावण्याच्या काही मिश्रणांचाही समावेश होता. परंतु रुग्णाची मागणी बदलल्याखेरीज केवळ कायद्याने हा प्रश्न सुटणारा नाही.

जहाल उपायाचे आकर्षण नवे नाही. एकोणिसाव्या शतकात ब्राझीलमधील अरारोबा वृक्षापासून मिळणारी भुकटी पोर्तुगीज व्यापारामार्गे गोव्यात येई. ‘गोवा पावडर’ या नावाने ती गजकर्णावर प्रसिद्ध होती. ती परिणामकारक होती, परंतु कोमल त्वचेवर तीव्र दाह करी. चुना, लसूण किंवा लिंबाचा रस जांघेत चोळण्याने आजही हेच घडते. खाजेची जागा जखम घेते.

बदललेली बुरशी

गेल्या सुमारे दहा-बारा वर्षांत भारतात गजकर्ण अधिक चिवट झाले आहे. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी भारतीय व नेपाळी रुग्णांच्या नमुन्यांवरून या बुरशीस ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ असे नाव दिले. टर्बिनाफिन हे औषध बुरशीतील ज्या विकरावर आघात करते, त्याच्या जनुकात बदल झाल्याने अनेक रुग्णांत ते निष्प्रभ ठरते. २०२३ मध्ये न्यूयॉर्क येथेही असे रुग्ण नोंदले गेले. अर्धवट उपचार ही केवळ व्यक्तीची हानी राहिलेली नाही, हे यावरून स्पष्ट होते.

निगा व उपचार

१. अंघोळीनंतर जांघ व अग्रत्वचेखालील भाग पूर्ण कोरडा करावा. पाणी कमी असेल तेव्हा निदान हा भाग साध्या पाण्याने धुऊन पुसावा.

२. अग्रत्वचा सहज जेवढी मागे सरेल तेवढीच सारून आतील भाग साध्या पाण्याने धुवावा. तेथे साबण व जंतुनाशक द्रव टाळावेत.

३. सैल सुती अंतर्वस्त्र वापरून ते रोज बदलावे. शक्य असल्यास गरम पाण्याने धुऊन उलटे करून उन्हात वाळवावे. सोलापूरचे ऊन हे या बाबतीत विनामूल्य साधन आहे.

४. देशाला टॉवेल पुरवणाऱ्या या शहरातही अनेक घरांत एकच टॉवेल सर्वजण वापरतात. आजारी व्यक्तीचा टॉवेल व चादर स्वतंत्र असावी आणि घरातील सर्व बाधितांवर एकाच वेळी उपचार व्हावेत.

५. कमरेचा करदोटा घाम धरून ठेवतो व त्यावर बुरशी टिकू शकते. आजार बरा होईपर्यंत तो काढून ठेवणे हितावह ठरते.

६. वैद्यकीय सल्ल्याने दिलेले औषध खाज थांबताच बंद करू नये. चट्टा दिसेनासा झाल्यानंतरही सांगितलेली मुदत पूर्ण करावी.

निदानासाठी त्वचेचा खरवडलेला अंश पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ही तपासणी सोपी व अल्पखर्चिक आहे.

वैद्यकीय सल्ला केव्हा अनिवार्य

शिश्नमुंडावर दाह वारंवार होत असल्यास रक्तशर्करा तपासणे आवश्यक आहे. काही पुरुषांत मधुमेहाची पहिली खूण हीच असते. मधुमेहावरील डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या औषधांमुळे लघवीतून साखर बाहेर पडते व या संसर्गाची शक्यता वाढते. मात्र ती औषधे परस्पर बंद करू नयेत. व्रण, स्राव वा जांघेतील गाठ असल्यास शासकीय रुग्णालयातील सुरक्षा क्लिनिकमध्ये तपासणी करावी. अग्रत्वचा पांढरी पडून आवळत जाणे आणि काही आठवड्यांत न भरणारी जखम यांकडे कधीही दुर्लक्ष करू नये. मधुमेही व्यक्तीस ताप, तीव्र वेदना व वेगाने वाढणारी सूज आल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न सर्वोपचार रुग्णालयात त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला उपलब्ध आहे.

निष्कर्ष

हा विकार पुन्हा उद्भवतो तो प्रामुख्याने तीन कारणांनी : निदानाविना लावलेले मलम, अपुऱ्या मुदतीचा उपचार आणि घरातील इतर बाधितांकडे झालेले दुर्लक्ष. या तिन्हींच्या मुळाशी संकोच आहे. हातापायावरील चट्टा जितक्या सहजतेने डॉक्टरांना दाखवला जातो, तितक्याच सहजतेने जांघेतील चट्टा दाखवता आला पाहिजे. कारखान्यांतील आरोग्य शिबिरे, तालमी व महाविद्यालये येथे पुरुषांशी या विषयावर स्पष्ट आणि सभ्य भाषेत बोलले गेले, तर औषधाच्या एका नळीत वर्षानुवर्षे अडकलेले अनेक रुग्ण काही आठवड्यांच्या योग्य उपचाराने मोकळे होऊ शकतील.