नावाऐवजी नंबर : इन्युइट लोकांची कहाणी

शाळेच्या भूगोलात आपण सर्वांनीच ते चित्र पाहिलेले आहे. बर्फाचे घुमटासारखे घर, कुत्र्यांची गाडी, केसाळ कातड्याचा अंगरखा घातलेला माणूस, आणि खाली लिहिलेले 'एस्किमो'. परीक्षेत हमखास प्रश्न यायचा, एस्किमो कोठे राहतात? 'टुंड्रा प्रदेशात' असे लिहून आम्ही मार्क मिळवले. पण ते लोक स्वतःला काय म्हणवतात, हे ना पुस्तकाने सांगितले ना गुरुजींनी.

ते स्वतःला 'इन्युइट' म्हणवतात. अर्थ अगदी साधा : माणसे. एकटा असेल तर 'इनुक'. 'एस्किमो' हे नाव दुसऱ्यांनी दिलेले आणि गोऱ्यांनी जगभर पसरवलेले. 'कच्चे मांस खाणारे' असा त्याचा अर्थ पिढ्यान्पिढ्या सांगितला गेला. आज बहुतेक भाषातज्ज्ञ तो अर्थ मान्य करीत नाहीत, पण हिणवण्याचे काम त्याने करून टाकलेच. १९७७ साली अलास्कातील बॅरो या गावी अलास्का, कॅनडा आणि ग्रीनलंड येथील प्रतिनिधी परिषदेसाठी जमले आणि त्यांनी 'इन्युइट' हेच नाव आपले म्हणून पुढे केले.

यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी अलास्काकडून पूर्वेला ग्रीनलंडपर्यंत पसरले. झाड नाही, धान्य नाही, अशा मुलखात त्यांनी संसार उभा केला. 'इग्लू' म्हणजे त्यांच्या भाषेत नुसते घर. बर्फाचे घर हिवाळ्यापुरते किंवा शिकारीच्या वाटेवरचे. पुष्कळ ठिकाणी व्हेलची हाडे, दगड आणि माती यांची घरे असत. बर्फाच्या घराचे दार खाली आणि झोपण्याचा ओटा वर, कारण ऊब वर चढते. मध्ये मऊ दगड कोरून केलेला दिवा, 'कुलिक'. त्यात सीलची चरबी आणि शेवाळाची वात. उजेड त्याचाच, शेक त्याचाच, आणि बर्फ वितळवून प्यायचे पाणीही त्यावरच. तो दिवा सांभाळणे हे घरातल्या बाईचे काम.

आमच्या माताभगिनींनी त्या बायांच्या शिवणकामाबद्दल जरूर वाचावे. कॅरिबू नावाच्या हरणाच्या कातड्याचे दोन अंगरखे एकावर एक घालायचे. आतल्याचे केस अंगाकडे, बाहेरच्याचे बाहेर. मधल्या हवेने थंडी अडते. दोरा जनावराच्या स्नायूच्या तंतूचा. सीलच्या कातड्याचे बूट शिवताना सुई कातड्यातून आरपार जाऊ द्यायची नाही, म्हणजे पाणी आत शिरत नाही. बाईच्या अंगरख्याला, 'अमाउटी'ला, पाठीवर मोठी झोळी असते. मूल तिथे आईच्या पाठीला चिकटून उबेत राहते. एक टाका चुकला तर शिकारीला गेलेला नवरा गारठून परत यायचा नाही. अशा बाईला अडाणी म्हणणारे शहाणे आम्ही पुष्कळ पाहिले आहेत.

काही धम्मबांधव विचारतील, मग पहिल्या शीलाचे काय? जिथे ज्वारीचा दाणा उगवत नाही तिथल्या माणसाला दोष देण्याचा अधिकार आम्हाला तरी वाटत नाही. मारलेल्या सीलच्या तोंडात गोडे पाणी सोडण्याची त्यांची रीत होती. १९८३ साली युरोपने सीलच्या पिलांच्या कातड्यावर बंदी घातली, त्यात यांच्या मोठ्या सीलच्या कातड्याचाही भाव कोसळला आणि चुली विझायची पाळी आली.

आता मूळ मुद्दा. इन्युइटांत आडनाव नव्हते. घराण्यात कोणी वारले की पुढे जन्मणाऱ्या बाळाला त्याचे नाव द्यायचे. मुलगा की मुलगी हे पाहायचे नाही. नावाबरोबर नातेही येते. आजोबांचे नाव मिळालेल्या पोराला त्याची आई 'बाबा' म्हणून हाक मारते. गेलेला माणूस नावाच्या रूपाने घरातच राहतो.

हे सरकारी दप्तरात कसे बसायचे? आम्ही स्वतः कारकुनी करतो, म्हणून त्या कारकुनाची अडचण कळते. आडनाव नाही, उच्चार येत नाहीत, मिशनऱ्यांनी दिलेली बायबलमधली नावे दर दोन घरांत तीच. परंतु अडचण एक आणि त्यावरचा उपाय दुसरा. १९४१ पासून कॅनडा सरकारने प्रत्येक इन्युइटाला नाण्याएवढा बिल्ला दिला. एका बाजूस राजमुकुट, दुसऱ्या बाजूस नंबर. दोरीने गळ्यात अडकवायचा किंवा कपड्यावर शिवायचा. 'ई' म्हणजे पूर्व, 'डब्ल्यू' म्हणजे पश्चिम, पुढे जिल्ह्याचा आकडा, मग माणसाचा. देशातल्या गोऱ्या नागरिकाच्या गळ्यात असा बिल्ला कधी आला नाही. हे वाचताना आम्हाला पेशवाईतले गळ्यातले मडके आठवले. दोन्ही गोष्टी एक नव्हेत. काही वृद्ध इन्युइट तर बिल्ल्याबद्दल कडवटपणे बोलतही नाहीत. पण शूद्राचे नाव तिरस्करणीय असावे असे सांगणारा ग्रंथ बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला जाळला. धोंड्या, कचऱ्या ही नावे ज्यांच्या आजोबांनी वागवली, त्यांना बिल्ल्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

ज्यांना नंबर दिला त्यांना हलवणेही सोपे झाले. १९५३ आणि १९५५ साली उत्तर क्वेबेकमधील इनुकजुआकच्या कुटुंबांना सुमारे दोन हजार किलोमीटर उत्तरेला, ग्रीस फियोर्ड व रेझोल्यूट येथे नेऊन सोडले. तिथे हिवाळ्यात महिनोन्महिने सूर्य उगवत नाही. दोन वर्षांनी परत आणू, हे वचन पाळले गेले नाही. कॅनडाने माफी मागितली ती २०१० साली. क्षयरोगाचे तसेच. जहाज यायचे, जहाजावरच एक्स-रे काढायचे, आणि रोगी निघाला की घरी निरोप घ्यायलाही न सोडता त्याला दक्षिणेला न्यायचे. १९५६ च्या सुमारास दर सात इन्युइटांमागे एक जण दक्षिणेतल्या रुग्णालयात होता. कित्येक तिथेच वारले आणि गावाकडे त्यांच्या थडग्याचा पत्ताही पोहोचला नाही.

नंबर गेला तो त्यांच्यातल्याच एका माणसाच्या पायपिटीने. एब ओकपिक हे १९६५ साली वायव्य प्रदेशाच्या कौन्सिलवर बसलेले पहिले इनुक. त्यांनी साठीच्या दशकाच्या अखेरीस गावोगाव फिरून लोकांना आडनावे विचारून नोंदवली. ही मोहीमही निर्दोष नव्हती. नवऱ्याचे आडनाव बायकोला लावणे ही त्यांची रीत नव्हे, आणि परगावी असलेल्या काहींना परत आल्यावर कळले की आपल्याला आडनाव मिळून गेले आहे! तरी नंबरापेक्षा ते बरे. गायिका लुसी इडलाउट हिने आपल्या अल्बमला नाव दिले आहे 'ई५-७७०, माझ्या आईचे नाव'.

पुढची लढाई जमिनीची. १९९३ साली करार झाला आणि १ एप्रिल १९९९ रोजी कॅनडाच्या सुमारे एक पंचमांश भूमीवर नुनावुत, म्हणजे 'आमची भूमी', हा स्वतंत्र प्रदेश अस्तित्वात आला. त्याची राजधानी इकालुइट. पूर्वी नकाशावर एका इंग्रज दर्यावर्दीच्या नावाने 'फ्रोबिशर बे' असे छापलेले असे. १९८७ साली गावाने आपले जुने नाव परत घेतले. सुख लगेच आले असे नाही. घरे अपुरी, दुकानातला भाजीपाला विमानाने येणारा आणि म्हणून महाग, तरुणांत आत्महत्या फार. समुद्रावरचा बर्फ पातळ होत चालल्याने म्हाताऱ्यांना पाठ असलेल्या शिकारीच्या वाटाही भरवशाच्या राहिलेल्या नाहीत.

२०१९ च्या मार्चमध्ये पंतप्रधान ट्रूडो यांनी इकालुइटला जाऊन क्षयरोग्यांना दिलेल्या वागणुकीबद्दल माफी मागितली. त्याच वेळी 'नानिलावुत', म्हणजे 'चला, त्यांना शोधू', ही नोंदवही खुली झाली. आजीआजोबा कुठल्या दफनभूमीत आहेत हे आता घरच्यांना तीत शोधता येते. काही कुटुंबे तिथवर जाऊन आली. घरी त्या आजीचे नाव लावणारी नात असतेच, आणि घरातली मोठी माणसे तिला 'आई' म्हणून हाक मारतात.