नॅशच्या वाटेतला डोंगर

उंच आणि बलदंड सेंटर हे बास्केटबॉलमध्ये पूर्वापार विजेतेपदाचे भांडवल मानले गेले आहे. असा खेळाडू संघात आला की सर्वांत आधी आनंद व्हावा तो पॉइंट गार्डला, अशी सर्वसाधारण समजूत असते. चेंडू कोणाच्या हाती सोपवायचा, या त्याच्या रोजच्या प्रश्नाचे उत्तर आयतेच मिळते ना! अमेरिकेतील एनबीए स्पर्धेत फिनिक्स सन्सच्या स्टीव्ह नॅशला मात्र २००८ च्या फेब्रुवारीत या समजुतीची दुसरी बाजू अनुभवावी लागली. मायामी हीटकडून शाकिल ओनील फिनिक्सला आला आणि नॅशचा खेळ जणू अरुंद बोळात शिरला.

दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला आणि कॅनडात वाढलेला नॅश हा काही शरीरसंपदेच्या बळावर मोठा झालेला खेळाडू नव्हे. उंची सव्वासहा फूट, म्हणजे एनबीएच्या मानाने बेताचीच. त्याचे भांडवल होते ते मोकळी जागा हेरणारी नजर. प्रशिक्षक माइक डी अँटोनी यांनी त्याच नजरेभोवती संघ बांधला. बास्केटकडे चेंडू टाकण्यासाठी नियमाने २४ सेकंद मिळतात. फिनिक्सचा आग्रह पहिल्या सात सेकंदांचा. प्रतिस्पर्धी बचाव लावून उभे राहण्याआधीच नॅश समोर ठाकलेला असे. सोबतीला अमारे स्टॉडमायर, शॉन मॅरियन यांच्यासारखे धावणारे आणि झेपावणारे खेळाडू, आणि तीन गुणांच्या रेषेबाहेर पसरलेले नेमबाज. या व्यवस्थेने नॅशला २००५ आणि २००६ असे लागोपाठ दोनदा सर्वोत्तम खेळाडूचा बहुमान मिळवून दिला.

मग हे चालते गाडे थांबवले कशाला? कारण विजेतेपद येत नव्हते. २००५ मध्ये आणि पुन्हा २००७ मध्ये सॅन अँटोनियो स्पर्सने फिनिक्सची वाट अडवली. टिम डंकनसारख्या खेळाडूला बास्केटखाली रोखेल असा भारदस्त माणूस फिनिक्सकडे नव्हता. त्यातच १ फेब्रुवारी २००८ रोजी लॉस एंजलिस लेकर्सने पाव गॅसोलला मिळवले. त्यानंतर आठवडाही उलटला नव्हता, तोच फिनिक्सचे महाव्यवस्थापक स्टीव्ह कर यांनी मॅरियन आणि मार्कस बँक्स यांना देऊन ओनीलला आणले. ओनील तेव्हा छत्तिशीच्या उंबरठ्यावर होता. पण उंची सात फुटांहून अधिक, वजन दीडशे किलोंच्या आसपास आणि नावावर चार विजेतेपदे. त्याच्या येण्याचे स्वागत झाले, त्यात नवल नव्हते.

अडचण कुठे आली, हे समजण्यासाठी नॅशच्या चालीकडे बारकाईने पाहावे लागते. त्याचे मुख्य अस्त्र ‘पिक अँड रोल’. यात एक सहकारी पुढे येऊन नॅशवर नेमलेल्या बचावपटूची वाट अंगाने अडवतो आणि लगेच वळून बास्केटकडे धावतो. एका क्षणात दोन बचावपटूंना ठरवावे लागते, की नॅशला रोखायचे की धावणाऱ्याला. त्यांचा निर्णय होण्याआधी नॅशचा चेंडू सुटलेला असे. पण ही चाल सफल व्हायची तर बास्केटसमोरचा रंगवलेला पट्टा मोकळा हवा. हा पट्टा एनबीएमध्ये अवघा १६ फूट रुंद असतो. स्टॉडमायर सेंटर म्हणून खेळे तेव्हा बाकीचे तिघे बाहेर पसरत आणि पट्टा रिकामा राही. ओनीलची जागा नेमकी त्या पट्ट्याच्या कडेला. तो दुरून बास्केट करू शकत नसल्यामुळे त्याच्यावरचा बचावपटू बास्केटपाशीच ठाण मांडून बसू लागला. म्हणजे एका धिप्पाड सहकाऱ्याबरोबर एक धिप्पाड प्रतिस्पर्धीही वाटेत कायमचा येऊन बसला!

नॅशची आणखी एक सवय होती. वाट न मिळाल्यास तो चेंडू आपटत थेट बास्केटखालून पलीकडे जाई आणि पुन्हा बाहेर येई. या फेरफटक्यात बचावाची घडी विस्कटे आणि कोणीतरी मोकळा सापडे. आता त्या वाटेवर गर्दी होती. शिवाय ओनील मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला पोहोचेपर्यंत पहिले सात सेकंद बहुधा संपलेले असत. मग चेंडू बाजूने त्याच्या हाती द्यायचा, त्याने पाठीने रेटा देत बास्केटकडे सरकायचे आणि नॅशने रेषेबाहेर परतीच्या चेंडूची वाट पाहत उभे राहायचे. लेकर्सच्या विजेत्या संघात डेरेक फिशरने हे काम चोख केले होते. फिशरला ते शोभले, कारण खेळाची सूत्रे त्याच्याकडे नव्हतीच. नॅशला तिथे उभे करणे म्हणजे मुख्य गायकाला तानपुऱ्याला बसवणे.

बचावातही लाभ अपेक्षेइतका झाला नाही. ‘पिक अँड रोल’ अडवण्यासाठी सेंटरला बास्केट सोडून बाहेर यावे लागते. ओनीलचे पाय आता तेवढे चपळ नव्हते. नॅशचा स्वतःचा बचावही दुबळा. २००८ च्या पहिल्याच फेरीत पुन्हा स्पर्सशी गाठ पडली आणि टोनी पार्करने हे वर्म अचूक हेरले. तिसऱ्या सामन्यात त्याने एकट्याने ४१ गुण मिळवले. शिवाय ओनीलची फ्री थ्रोमधील कमजोरी ओळखून ग्रेग पॉपोविच यांनी त्याच्यावर मुद्दाम फाउल करण्याचे तंत्र वापरले. खेळ वारंवार थांबे आणि नॅशची लय तुटे. फिनिक्स १-४ असे हरले. डी अँटोनी न्यूयॉर्क निक्सकडे निघून गेले.

नवे प्रशिक्षक टेरी पोर्टर स्वतः नामवंत पॉइंट गार्ड होते, तरीही त्यांनी संथ, ओनीलकेंद्री खेळाचा धडा घालून दिला. त्यामुळे ओनील खरोखर बहरला. २००८-०९ मध्ये त्याने ७५ सामने खेळून सरासरी १७.८ गुण मिळवले. टोरांटोविरुद्ध एका सामन्यात ४५. तेव्हा दोष त्याच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. संघाची गुणांची सरासरीही १०९ च्या वरच राहिली. नॅशची नेमबाजी फारशी घसरली नाही. घसरले ते त्याचे असिस्ट: २००६-०७ मध्ये सामन्यागणिक ११.६ होते, ते आता ९.७ वर आले. आकड्यात फरक दोनाचा दिसतो. पण हाच त्याचा खरा व्यवसाय होता. २००९ च्या फेब्रुवारीत पोर्टर यांना हटवण्यात आले आणि सूत्रे आल्विन जेंट्री यांच्याकडे गेली. त्यांनी जुना वेग परत आणताच पहिल्याच सामन्यात फिनिक्सने क्लिपर्सविरुद्ध १४० गुण केले. पण लगेच स्टॉडमायरच्या डोळ्याला गंभीर दुखापत झाली. ४६ सामने जिंकूनही संघ प्लेऑफबाहेर राहिला.

त्या उन्हाळ्यात ओनील क्लीव्हलंडला गेला. त्याच्या जागी आलेला चॅनिंग फ्राय हाही जवळजवळ सात फुटी, मात्र ओनीलच्या अगदी उलट वळणाचा. तो तीन गुणांच्या रेषेबाहेर उभा राही आणि आपल्या बचावपटूलाही तिथे ओढून नेई. पट्टा पुन्हा मोकळा झाला. छत्तिशीतल्या नॅशचे असिस्ट ११ वर गेले, फिनिक्सने ५४ सामने जिंकले आणि स्पर्सला चक्क ४-० असे घरी पाठवून पश्चिम विभागाची अंतिम फेरी गाठली.

प्रकरण एवढ्यावर मिटले नाही. २०१२ मध्ये नॅश लेकर्सकडे गेला आणि त्याच उन्हाळ्यात ड्वाइट हॉवर्ड हा तेव्हाचा सर्वांत दबदबा असलेला सेंटरही तिथे आला. हॉवर्ड तर ‘पिक अँड रोल’साठी घडवल्यासारखा वेगवान, पण त्याचा ओढा बास्केटकडे पाठ करून चेंडू मागण्याकडे. दुसऱ्याच सामन्यात नॅशच्या पायाचे हाड मोडले. तो परतला तोवर डी अँटोनी तिथेही प्रशिक्षक म्हणून आले होते. मात्र चेंडू कोबी ब्रायंटच्या हाती स्थिरावला होता. नॅश ५० सामने खेळला आणि त्याचे असिस्ट ६.७ वर थांबले. स्पर्सने पहिल्याच फेरीत लेकर्सला ४-० असे हरवले. २०१३ च्या जुलैत हॉवर्ड ह्यूस्टनला निघून गेला, आणि नॅश पाठीच्या दुखण्याशी झगडत राहिला.