आईने डॉक्टर मुलाला न सांगितलेले दुखणे

माझ्या दवाखान्यात रोज पाच-दहा म्हाताऱ्या बायका येतात. बरोबर बहुधा मुलगा असतो. "पाणी किती पिता? रात्री लघवीला किती वेळा उठता?" हे प्रश्न मी सवयीने विचारतो. माझ्या स्वतःच्या आईला मात्र ते कधीच विचारले नाहीत.

आई 76 वर्षांची. रक्तदाबाची गोळी चालू, बाकी प्रकृती ठणठणीत. दर एकादशीला विठ्ठलमंदिरात भजनाला जाण्याचा तिचा नेम दीड वर्षापूर्वी एकाएकी बंद झाला. "गुडघे धरतात रे," म्हणाली. मी गुडघ्यांसाठी गोळ्या दिल्या आणि विषय संपवला. गुडघे धरलेली बाई पहाटे चारला उठून स्वतःचे पातळ का धुते, हा प्रश्न माझ्या डॉक्टरी डोक्यात आला नाही.

गेल्या आषाढात एका रात्री मोरीकडे जाताना ती पडली. मनगटाचे हाड मोडले. प्लॅस्टरच्या हाताने पातळ धुता येईना, तेव्हा कुठे तिने सुनेला सांगितले. खोकले, शिंकले, वाकले की लघवी होई. म्हणून भजन बंद, म्हणून दुपारच्या चहानंतर पाणीही बंद.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला? अरे, तुझी बाळोती धुतली मी. आता माझी गोष्ट तुला सांगू होय?"

यावर मला उत्तर सुचले नाही.

पाणी तोडल्याने हा त्रास थांबत नाही. घट्ट झालेली लघवी मूत्राशयाला झोंबते, बद्धकोष्ठ होतो आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. उतारवयात मुळात तहानच कमी लागते. मी आईचा रक्तदाब झोपवून मोजला, मग उभे करून एक आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा 30 ने उतरला. 20 ने उतरला तरी तो दोष मानतात. शिवाय तिच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध होते. दिवसा चारचौघांत पंचाईत नको म्हणून ती गोळी रात्री घेत असे. चिठ्ठीवर 'सकाळी' असे माझ्याच अक्षरात लिहिलेले होते!

गोळी बदलली. लघवी तपासली, जंतू किंवा साखर निघाली नाही. राहिला व्यायाम. अमेरिकेतील डॉ. अर्नोल्ड केगल यांनी 1948 साली तो मांडला. लघवी अडवताना जे स्नायू आवळतात तेच आवळायचे, पाच-सहा सेकंद धरायचे, सोडायचे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र तो करू नये. गुण यायला तीनेक महिने लागतात. पुष्कळजणी पंधरा दिवसांत कंटाळून सोडतात.

हा व्यायाम मी तिला शिकवला नाही. ओळखीच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे नेले आणि स्वतः बाहेरच्या बाकावर बसलो. आता माझ्या दवाखान्यातही आईबरोबर आलेल्या मुलाला मी पाच मिनिटे बाहेर बसवतो, आणि आमच्या सिस्टर आत विचारपूस करतात. दर आठवड्याला एखादी तरी आई मनातले बोलते.

कार्तिकी एकादशीला आई भजनाला गेली. दाराजवळची जागा धरून बसली. घरी आल्यावर तिने आपण होऊन तांब्याभर पाणी मागितले.