शॉक देण्याआधी हृदयात गुठळी आहे का, हे पाहिले का?

छातीत धडधड होते, दम लागतो, नाडी एकसारखी लागत नाही. ईसीजी काढला की डॉक्टर सांगतात, ‘ए-एफ आहे.’ म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. काही पेशंटचे ठोके ताळ्यावर आणायला झोपेचे औषध देऊन छातीवर क्षणभर विजेचा शॉक देतात. मानसिक आजारात देतात तो शॉक हा नव्हे. घरच्यांना भीती विजेची वाटते, पण खरा धोका गुठळीचा असतो.

थरथरत्या कप्प्यात रक्त साचते. डाव्या वरच्या कप्प्याला कानाच्या पाळीएवढी पिशवी असते, तिथे गुठळी धरते. ठोके सुधारून कप्प्याने जोर धरला की ती सुटून मेंदूत जाऊ शकते. मग धडधडीसाठी आलेला माणूस लकवा घेऊन घरी जातो.

म्हणून डॉक्टर विचारतात, ‘त्रास कधीपासून?’ 48 तासांहून जास्त झाले असतील किंवा वेळ माहीत नसेल, तर थेट शॉक देत नाहीत. रोवणीच्या दिवसांत आपली माणसे चार-चार दिवस दुखणे अंगावर काढतात आणि दवाखान्यात सांगतात, ‘आजच सुरू झाले.’ असे करू नका. या उत्तरावर पुढचे सारे ठरते.

मग दोन वाटा उरतात. एक, रक्त पातळ करणारी गोळी न चुकता तीन आठवडे घेऊन मग शॉक. दुसरी, गोळी किंवा इंजेक्शन सुरू करून घशातून इको. छातीवरच्या साध्या इकोत ती पिशवी नीट दिसत नाही. अन्ननलिका हृदयाच्या अगदी मागून जाते, म्हणून घसा बधिर करून तिथून बोटाएवढी नळी घालतात. सहा तास उपाशी राहावे लागते. कवळी, हलणारा दात, गिळायला त्रास हे आधीच सांगा. खर्रा खाऊन ज्यांचे तोंड उघडत नाही, त्यांना ही नळी घालणेच कठीण. तेही लपवू नका.

2001 साली 1,222 पेशंटवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन्ही वाटांनी गुठळी सुटण्याचे प्रमाण 1 टक्क्याच्या आतच होते. इकोच्या वाटेने रक्तस्राव कमी झाला. बीपी कोसळून जीवच धोक्यात असेल, तर मात्र डॉक्टर इकोसाठी थांबत नाहीत.

गुठळी दिसली तर शॉक पुढे ढकलतात आणि निदान तीन आठवडे गोळ्या देऊन पुन्हा पाहतात. ‘भंडाऱ्याहून नागपूरला नेले आणि काही न करता परत पाठवले,’ असा राग तेव्हा नको. मोठ्या दवाखान्यात जाताना रेशनकार्ड, आधार सोबत ठेवा आणि महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्राला आधी भेटा.

गुठळी नसली तरी शॉकनंतर निदान चार आठवडे गोळी चालूच राहते. ठोके सुधारले तरी कप्पा काही दिवस सुस्त असतो, त्यात नवी गुठळी होऊ शकते. अनेकांना पुढेही गोळी लागते. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता आणि त्यातून झडप अरुंद झाली, त्यांना वॉरफरिनसारखी जुनी गोळीच देतात. ती घेताना आयएनआर तपासा. बहुतेकांचा 2 ते 3 हवा. मेडिकलमधून अंगदुखीची गोळी परस्पर घेऊ नका.

तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले तर लगेच 108 ला फोन करा. त्रास किती वाजता सुरू झाला आणि रक्त पातळ करणारी कोणती गोळी चालू आहे, हे डॉक्टरांना सर्वात आधी सांगा.